फुकट आलेल्या साड्या

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 36, राहणं सुदामानगरच्या बाजूला, घरात नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या खोलीत जुन्या साड्यांपासून कुर्ते, जाकिटं, पिशव्या करून विकायला सुरुवात केली. साड्या ओळखीच्या घरांतून येतात, बहुतेक फुकट. विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर. निम्मा माल इंदुरात खपतो, निम्मा पुण्या-मुंबईला जातो. कुर्ता 850 रुपयांना, पाठवणीसकट. शिलाई 280, अस्तर-बटणं 130, "म्हणजे एका कुर्त्यामागे 440 सुटतात." महिन्याला 36 शिवून येतात, 30 विकले जातात, आणि तरी महिनाअखेर हातात चार-पाच हजारच असतात. एक मैत्रीण भागीदारीला तयार आहे. तिचं म्हणणं, 14 हजार भाड्याचा गाळा घेऊ, कर्ज काढू आणि बाहेरून जुन्या कपड्यांच्या गाठी मागवू. सासूबाईंचं म्हणणं, "लोकांचे उतरलेले कपडे घरात नकोत, त्यातले निम्मे गेलेल्या माणसांचे."

त्यात गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला. एका ओळखीच्या सुनेने सासूच्या वर्षश्राद्धानंतर कपाट आवरताना 11 साड्या दिल्या होत्या. त्यातल्या एका महेश्वरी साडीचं जाकीट विकलं गेलं. ते घातलेली बाई एका नाटकाच्या मध्यंतरात त्या सासूच्या मुलीला दिसली आणि मुलीने पदर ओळखला. रात्री फोन आला: "माझ्या आईचा पदर कापलात तुम्ही." वाचक विचारतात, "साडी मला रीतसर दिली होती. मी प्रत्येक साडीच्या काठाचा वीतभर तुकडासुद्धा जपून ठेवते, इतकी मला कदर आहे. त्या 11 पैकी चार अजून तशाच आहेत. मग माझं चुकलं का? जाकीट परत मागू का? आणि हा धंदा वाढवू की बंद करू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, कारण एक शब्द सारखा खटकत होता. 'फुकट'. साड्या फुकट येतात. धुणं घरच्या मशीनमध्ये, म्हणून फुकट. फोटो स्वतःच्या फोनवर, म्हणून फुकट. खोली आपलीच. आणि तुमचे तास तर हिशेबात कुठेच नाहीत. पैसे का उरत नाहीत, गाळा घ्यावा का, त्या फोनवर काय म्हणावं, हे तिन्ही प्रश्न मला या एका शब्दात अडकलेले दिसतात.

आधी पैशांचं बघू, कारण ते लवकर आटपतं.

850 मधून 410 गेले, 440 राहिले, इथपर्यंत बरोबर. पण पाठवणी तुम्ही सोसता. कुरिअरचे सरासरी 80 धरू. साबण, वीज आणि इस्त्रीवाल्याचे मिळून 45. पाकीट, कागद, चिठ्ठी यांचे 35. राहिले 280. तीस कुर्त्यांचे झाले 8,400. आता विकले 30, पण शिवून आले 36. वरच्या सहांची शिलाई आणि अस्तर तुम्ही आधीच चुकते केलेत, ते 2,460. उरले 5,940. रिक्षा, पेट्रोल, फोन यांत हजारेक गेले की तुमचे ते 'चार-पाच हजार' बरोबर सापडतात. पैसे कुठे गळत नव्हते, ते धरलेलेच नव्हते.

आता तास. साडी आणायला जाणं, निवडणं, धुणं, इस्त्री, कापणं, शिवणाऱ्या बाईंकडे दोन चकरा, फोटो, "ताई, यात एक्सेल मिळेल का" याला उत्तरं, बांधाबांध, कुरिअर. एका नगामागे पाच तास मी कमीच धरते. 36 नगांचे 180 तास. हातात आलेल्या 4,900 ला भागून बघा, तासाला 27 रुपये पडतात. घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई याहून जास्त घेतात, आणि घ्यायलाच हव्यात.

तुम्ही लिहिलंय की राजवाड्याच्या बाजारात नवा कुर्ता 900 ला मिळतो, मग जुन्याचे 850 तरी कोणत्या तोंडाने मागू. इथे मला तुम्हाला थांबवायचं आहे. बाजारातला कुर्ता ताग्यावर ताग्यांची थप्पी लावून एकदम शेकड्यांनी कापलेला असतो. तुमचा तसा कापता येत नाही, आणि का येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तरी लिहिते, कारण तुमच्या ग्राहकांना हे कधी दाखवलेलं दिसत नाही.

जुनी महेश्वरी पलंगावर उलगडायची आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायची. खालची कड, जिथे फॉल लागतो, ती घोट्याशी घासून झिजलेली. खांद्याच्या जागी पिनेची भोकं. पोटाशी खोचायचा आतला वार-दीड वार मात्र जसाच्या तसा, रंगही मूळचा, कारण त्याने ऊन पाहिलेलंच नसतं. आणि निऱ्यांच्या भागात उभ्या रेघा, वीस-तीस वर्षं त्याच जागी मोडलेल्या. तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण द्यायचा. महेश्वरीत ताणा, म्हणजे लांबीचे धागे, रेशमाचा, आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा. रेशीम थकलं असेल तर साडी घडीवर आवाजसुद्धा न करता सुटते आणि सुताचे धागे तेवढे फटीत राहतात. एवढं बघून झाल्यावर कुठून कात्री चालवायची ते ठरतं. अर्धा तास जातो, आणि प्रत्येक साडीला नव्याने जातो. तुमच्या किमतीत हा अर्धा तास यायला हवा. त्यासाठी ग्राहकाला तो दिसायलाही हवा. तयार कुर्त्याच्या फोटोसोबत उजेडासमोर धरलेल्या साडीचा एक फोटो टाका, हा भाग विरला होता म्हणून सोडला, हा आतला म्हणून छातीवर घेतला, असं दोन ओळींत लिहा. 'वापरलेली साडी' हे शब्द लपवू नका. तुमच्या पोस्टमध्ये 'व्हिंटेज फॅब्रिक' वगैरे शब्द आहेत. घेणाऱ्याला शेवटी कळतंच, मग आधी साध्या शब्दांत कळलेलं बरं.

दर 1,350 करा आणि पाठवणी वेगळी लावा. गिऱ्हाईक कमी होईल, होऊ द्या. महिन्याला 18 शिवून 15 गेले, तरी धुणं-पाकीट वजा करून एका नगाचे 860 उरतात. पंधरांचे 12,900. न विकलेल्या तिघांचे 1,230 आणि वरचे हजार काढले तरी साडेदहा हजार हातात, तेही निम्म्या तासांत. हे आकडे कागदावरचे आहेत, पहिल्या दोन महिन्यांत असे येणार नाहीत. पण आज जो हिशेब चाललाय त्यात नग वाढले की तुमचे तास वाढतात, दर तोच राहतो. म्हणून आधी दर, मग नग.

आता गाळा. एका कुर्त्याचे 280 सुटत असतील तर 14 हजार भाड्यासाठी महिन्याला 50 कुर्ते लागतात. तुमचे 30 जातात. म्हणजे तीसच्या तीस गाळेमालकासाठी शिवून वर आणखी 20 त्याच्याचसाठी शिवायचे, आणि मग स्वतःचा पहिला कुर्ता सुरू. वर कर्जाचा हप्ता. मैत्रीण चांगली असेल, उत्साही असेल, तरी हे आत्ता करू नका. कर्ज घ्यायचंच झालं तर जागेपेक्षा यंत्रासाठी घ्या. जुन्या कापडाच्या कडा फार सुटतात, ओव्हरलॉकचं मशीन घरी असलं तर शिवणकामाचा दर्जाही वाढतो आणि एक चकरही वाचते. मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, एवढ्यात काम होण्यासारखं आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती पूर्ण मोफत असते, आधार क्रमांकावर घरबसल्या होते. "करून देतो, दोन हजार पडतील" म्हणणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा.

गाठींबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. वापरलेले कपडे परदेशातून आणण्यावर आपल्याकडे बंधन आहे, परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परवानगी असलेले कारखाने असे कपडे निवडतात, त्यातला बराच माल पुन्हा बाहेर जातो. पानिपतला लोकरी कपडे येतात ते चिंध्या म्हणून, त्यांचा पुन्हा धागा काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. मग बाजारात वजनावर मिळणारी, अंगात घालण्याजोग्या विदेशी कपड्यांची गाठ आली कुठून, हे मैत्रिणीला विचारा. बिल मागा. बिल मिळत नसेल तर त्या गाठीला हात लावू नका. शिवाय गाठ उघडून दाखवत नाहीत. आत निघणाऱ्या डागाळलेल्या, फाटक्या, न खपणाऱ्या कपड्यांचं काय करायचं हे तुमच्या डोक्यावर येतं. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिल्या नंबराला आलेल्या गावात आपण घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत देतो. त्या गावात कापड वाचवण्याच्या नावाखाली दुसऱ्या देशाच्या चिंध्या आणून त्याच गाडीत टाकायच्या, हे तुम्हालाही पटणार नाही.

कराचं एक पत्रात नव्हतं, पण सांगायला हवं, कारण तुमच्यासारख्या अनेक जणी यात गाफील असतात. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे ऐकलेलं असतं. ते राज्याच्या आतल्या विक्रीसाठी. माल पुण्याला पाठवला की ती दुसऱ्या राज्यातली विक्री होते आणि तिथे ही सूट सहसा लागू होत नाही. हस्तकलेच्या म्हणून ठरवलेल्या वस्तूंना सवलत आहे, तुमचा माल त्यात बसतो का ते सीएकडून एकदा तपासून घ्या. आणखी एक विचारा. जुनी वस्तू मूळ रूप न बदलता, किरकोळ दुरुस्ती करून विकली तर कर फक्त खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर लावता येतो. साडी साडी म्हणूनच विकली तर हे बसेल. तिचा कुर्ता झाला की रूप बदललं, मग नाही.

आणि हे लिहिताना मला खरा प्रश्न सुचला. तुम्ही इतकं कापता कशासाठी?

मला हे मनापासून वाटतं, म्हणून लांबण लावते. महेश्वर आपल्यापासून नव्वदेक किलोमीटर. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून वसवले. पुढे माग थंडावत गेले, 1979 मध्ये विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था उभी राहिली आणि ते पुन्हा धरायला लागले. त्या मागावरची साडी विणायला माणसाचे कितीतरी दिवस जातात. ती साडी जर अजून नेसण्याजोगी असेल, तर तिचं सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे ती साडीच. कापून, नवं पॉलिएस्टरचं अस्तर लावून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पुण्याला धाडलेला कुर्ता त्यापुढे किती टिकाऊ, याचा तुम्हीच विचार करा. धड असलेली साडी कापू नका. रफू करून घ्या, नवा फॉल लावा, पॉलिश करा आणि साडी म्हणून विका. तुमच्या वयाच्या मुली आता जुन्या महेश्वरी, चंदेरी, नारायणपेठी शोधत असतात, त्यांना आजीच्या कपाटातला रंग हवा असतो. यात शिलाईचे 280 नाहीत, अस्तराचे पैसे नाहीत, एक्सेल आहे का हा प्रश्नसुद्धा नाही.

कापायची ती अंग विरलेली पण काठ-पदर धड असलेली. अस्तर सुती लावा, तेही जुन्या सुती साडीचंच. नुसत्या सुती चिंध्या उरल्या तर गॅरेजवाले आणि छापखाने पुसायला घेतात. नायलॉनच्या साड्या पाणी टिपत नाहीत म्हणून पुसायला निरुपयोगी, पण त्यांच्या वेण्या घालून केलेली पायपुसणी दहा वर्षं हलत नाहीत, सासूबाईंना येत असतील बघा. छोट्या तुकड्यांचे बटवे करून ठेवा. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून इंदुरात पन्नास-पन्नासच्या हिशेबात मागणी येते, आणि ती आगाऊ येते. जुने पांढरे सुती कुर्ते आले तर रंगपंचमीपर्यंत बाजूला ठेवा, गेरेच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी राजवाड्याकडे जाणारं प्रत्येक घर तेच शोधत असतं.

जरीच्या साडीला मात्र कात्री लावण्याआधी दोनदा बघा. माझ्या लहानपणी आईने तिच्या लग्नातला शालू बोहारणीला दिला होता, एका स्टीलच्या पातेल्यावर. मी ओट्यापाशी उभी होते. त्या बाईने काठाचा एक धागा ओढून काढला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला आणि मग काही न बोलता पातेल्यावर एक झाकण वाढवून दिलं. जर खरी चांदीची होती. आईला ते महिन्याभराने शेजारणीकडून कळलं आणि पुढे आयुष्यभर "फसवलं" म्हणत राहिली. मला आता वाटतं की त्या बाईला कापड कळत होतं आणि आम्हाला आमच्या कपाटातलं कळत नव्हतं. तुम्हाला संशय आला तर सराफ्यात दाखवून घ्या. खरी निघाली तर ज्या घरातून साडी आली त्या घरी आधी कळवा. त्यांनी "असू दे, ठेवा तुम्हीच" म्हटलं तर ती गोष्ट वेगळी. आणि तुमच्या भागात भांडी घेऊन फिरणाऱ्या बायका अजून येत असतील तर त्यांच्याकडून साड्या विकत घ्या, रोख पैसे देऊन. त्यांच्याइतकी पारख असलेलं माणूस तुम्हाला कुठल्या कोर्समध्ये भेटणार नाही. त्यांच्याशी घासाघीस करू नका.

सासूबाईंचा विरोध तुम्ही 'जुन्या वळणाचा' म्हणून बाजूला ठेवलाय. मी ठेवणार नाही. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. एक अगदी साधी, घाण आणि रोगाची. ती रास्त आहे. आणलेला कपडा थेट खोलीत नेऊ नका. गच्चीवर झटका, बंद पिशवीत आठवडाभर ठेवा. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीत. मग सुती असेल तर गरम पाण्यात, रेशमी असेल तर रिठ्याच्या पाण्यात, आधी कोपरा भिजवून रंग जातो का ते बघून. डांबरगोळीचा वास सावलीत चार दिवस वाऱ्यावर टाकला की जातो, अत्तर मारून जात नाही. पावसाळ्यात कपाटात कडुनिंबाचा पाला आणि मध्ये मध्ये कागद. हे सगळं त्यांना करताना दिसू द्या. जमलं तर त्यांनाच सांगायला सांगा, रेशीम कसं धुवायचं हे त्यांना आपल्या दोघींहून जास्त माहीत असणार.

दुसरी गोष्ट 'उतरलेले' या शब्दात आहे. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं आपण घ्यायचं नाही, आपण द्यायचं, हे आपल्या घरांत फार आत बसलंय. त्यात कोण देणारं आणि कोण घेणारं याची जातीची उतरंडही बसलेली आहे, तिला उघड नाव देऊन टाकावं. पण यावर सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एकच विचारा, तुमच्या नवऱ्याला जन्मल्यावर पहिल्यांदा कशात गुंडाळलं होतं. आपल्याकडे बाळाला नवं, खळीचं कापड लावत नाहीत, टोचतं म्हणून. आजीच्या, पणजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी करतात, धुऊन धुऊन मऊ झालेली. बहुतेक घरांत ती आजी तेव्हा गेलेलीही असते. त्यांना आठवेल. कदाचित ते दुपटं कुठल्या गाठोड्यात अजून असेलही.

आणि या दुपट्यातच तुमच्या धंद्याचा पुढचा रस्ता आहे असं मला वाटतं. लोकांच्या साड्या घेऊन अनोळखी माणसाला विकण्यापेक्षा, ज्यांची साडी त्यांनाच काहीतरी करून द्या. आईच्या साडीचं लेकीसाठी जाकीट. आजीच्या नऊवारीची नातवाच्या बारशाला गोधडी. वडिलांच्या धोतराचं अस्तर. कापड त्यांचं, काम तुमचं. साठा नाही, न खपलेले सहा नग नाहीत, कोणाचा पदर कोणाच्या अंगावर दिसला हा प्रश्न नाही. निम्मे पैसे आगाऊ घ्या. कापण्याआधी साडीवर खडूने आखून फोटो पाठवा, त्यावर "चालेल" असं लेखी उत्तर येईपर्यंत कात्री बाहेर काढू नका. साडी विरलेली असेल तर ते आधीच सांगा आणि नाही म्हणायला शिका, कारण लोक अशी साडी आणतात जी बोट लावताच सुटते, आणि ती तुमच्या हातात सुटली तर आयुष्यभर तुमच्या नावावर राहते. हे काम सावकाश वाढेल. एका घरात झालं की नणंदा-जावांत पसरतं, इंदूरच्या मराठी घरांत तर चार दिवसांत पसरतं. दिवाळीपूर्वी कपाटं आवरली जातात, तेव्हा सांगायला सुरुवात करा. तुमच्या मैत्रिणीला गाळा आणि गाठींऐवजी हे सुचवून बघा, माप घेणं आणि लोकांशी बोलणं तिला जमत असेल तर भागीदारी तिथून सुरू होऊ शकते.

म्हणून वाढवू की बंद करू, याला माझं उत्तर: दिवाळीपर्यंत निम्मं करा, दर वाढवा आणि पाच-सहा घरांची स्वतःच्या साडीची कामं घेऊन बघा. मग पुन्हा हिशेब मांडा, या वेळी तासांसकट.

आता तो फोन.

तुमचं चुकलं का? साडी तुम्हाला दिली होती, दिलेली वस्तू तुमची, त्यात कोणी तुम्हाला दोष देणार नाही. पण दिली कोणी? सुनेने. कपाट तिच्या घरात होतं आणि वर्षभर ते आवरायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं, तेव्हा तिचंही काही वावगं नाही. लेक सासरी होती. तिला कोणी विचारलं नाही. आणि तुम्हीही विचारलं नाही, कारण तुम्हाला साडी फुकट मिळत होती आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीची चौकशी करायला आपल्याला अवघड वाटतं. पैसे दिले असते तर तुम्ही सहज विचारलं असतं. म्हणून यापुढे कोणाचीही साडी घेताना, पाच रुपये देऊन का होईना, विकत घ्या. एक वही ठेवा, साडीला क्रमांक द्या, कोणाकडून आली ते लिहा. आणि गेलेल्या माणसाचं कपाट असेल तर एक प्रश्न न चुकता विचारा: "घरात आणखी कोणाला विचारायचं राहिलंय का?" त्यानंतरही पंधरा दिवस कात्री लावू नका. या पंधरा दिवसांत परत मागायला येणारी माणसं असतात, ती संकोचाने येतात, त्यांना हसतमुखाने परत द्या.

जाकीट परत मागावं का, हे तुम्ही ठरवू नका. त्या मुलीला हवं असेल तरच, आणि मग तुमच्या ग्राहकाला सगळं खरं सांगून, पूर्ण पैसे परत देऊन, एकदाच विचारा. ती नाही म्हणाली तर तिथे थांबा. तिने पैसे मोजून घेतलंय.

त्या मुलीकडे मात्र जा. फोन करू नका, मेसेज तर मुळीच नको. पितृपक्ष जवळ आलाय, त्याच्या आत जा. गेल्यावर "तुमच्या वहिनीनेच दिली होती" हे वाक्य चुकूनही तोंडातून येऊ देऊ नका. ते खरं आहे, पण त्याने तुमची सुटका होईल आणि त्या दोघींच्या घरात कायमचं लागून राहील. ती रागावली तर रागावू द्या. साडी कशी नेसायची आई, कुठे घेतली होती, असं काही बोलायला लागली तर घाईने उठू नका.

उरलेल्या चार साड्या बरोबर न्या, धुऊन, घडी घालून, साध्या कापडी पिशवीत. तिच्यासमोर ठेवा, हव्या त्या ती ठेवून घेईल. आणि त्या महेश्वरीच्या काठाचा जो वीतभर तुकडा तुम्ही जपून ठेवलाय, तो तिच्या हातात द्या.